पुस्तक न धरता दिलेला बाप्तिस्मा

नगरहून कोल्हापूर म्हणजे काही परदेश नव्हे. सकाळी निघालं तर संध्याकाळच्या चहाला माणूस पोहोचतो. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं माझ्या मैत्रिणी म्हणाल्याच. पण आमच्या घराण्यातला शेवटचा पाळक, माझा थोरला भाऊ, शेवटचा बाप्तिस्मा द्यायला निघाला होता आणि मी त्याच्या सोबतीला होते. तिथे जे झालं ते मला तोंडाने सांगता येत नाही. सांगायला लागले की मध्येच थांबते, मग समोरचा भलताच अर्थ काढतो. म्हणून लिहिते.

आधी घराण्याचं थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे पणजोबा नेसरीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे मोजकी ख्रिस्ती घरं आहेत, त्यांना कोणी शोधत जावं असं मला वाटत नाही. पणजोबा त्या भागातले पहिले देशी उपदेशक. आजोबा कोल्हापुरात पाळक होते. आजोबांचे धाकटे भाऊ कानडी शिकून सरहद्दीपलीकडे सुवार्तेला गेले आणि तिकडचेच झाले. आमचे वडील, त्यांना आम्ही पपा म्हणायचो, कोल्हापुरातच मिशनच्या शाळेचे हेडमास्तर. आत्याने मुलींची शाळा काढली आणि त्या नादात लग्न करायचं राहूनच गेलं. मग दादा पुन्हा पाळक, आणि मी मराठीची शिक्षिका, दोघंही नगरला. दादाच्या मुलांनी कॉम्प्युटर धरला. त्यात वाईट काही नाही, पण गादी तिथे संपली.

या घराण्याची एक खोड होती. आमचे पाळक बाप्तिस्मा देताना विधीचं पुस्तक धरत नसत. लग्नाला धरत, प्रभुभोजनाला धरत, पण बाप्तिस्म्याला दोन्ही हात मोकळे. पणजोबांच्या काळी मंडळीत कोणालाच वाचता येत नव्हतं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यापुढे पुस्तक नाचवायचं नाही, असं ते म्हणत, आणि संध्याकाळी माणसं शेतातून आली की त्यांच्याकडून सगळे विधी तोंडपाठ करून घेत. पणजोबांनी पुस्तक धरलं नाही म्हणून आजोबांनी धरलं नाही, आजोबांनी धरलं नाही म्हणून दादाने. खोडी अशाच चालत येतात.

आता दादा ब्याऐंशी वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून त्याचं विसरणं सुरू झालंय. जुनं सगळं लख्ख आठवतं, पण सकाळी काय खाल्लं ते विचारायची सोय नाही. अशात त्या गावातून सुनीलचा फोन आला. सुनील तिथल्या ख्रिस्ती घरातला, ऊस आणि दोन म्हशी असलेला तरुण. त्याला मुलगा झाला होता. "आमच्या पोराला पाणी तुमीच द्यायचं. आजी म्हणती, ह्याच घराण्याचा हात पायजे." मी काही बोलायच्या आत दादाने हो म्हणून टाकलं. मग मी सुनीलला वेगळा फोन करून खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारपणी व्हायचंच की, अक्का. घिऊन या तुमी."

कोल्हापूर, शुक्रवार

आदल्या संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या एका लॉजवर उतरलो होतो. सकाळी मी केस विंचरत होते तेवढ्यात दादा खोलीतून नाहीसा झाला. खाली विचारलं, समोरच्या मिसळवाल्याला विचारलं, कोणी पाहिलेला नाही. मग मला सुचलं आणि रिक्षा करून मी पपांच्या जुन्या शाळेकडे गेले.

दादा फाटकाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता. वॉचमन मला म्हणाला, "पावणं म्हणत्यात, घंटा द्या, टाइम झाला. म्या म्हटलं, शाळंला सुट्टी हाय आज. पर बसा की, च्या घ्या." त्या माणसाने थट्टा केली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. रिक्षात बसल्यावर दादा म्हणाला, "मला वाटलं, पपा आत आहेत." इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला रागावताही येईना.

पण तिथेच मी ठरवलं. म्हटलं, "दादा, रविवारी पुस्तक धरायचं. मी पर्समध्ये आणलंय."

"तू शिक्षिका आहेस रूथ. माझी नव्हेस."

"चारचौघांत अडलास तर?"

"बाप्तिस्म्यात अडलो तर मग जगायचं कशाला?" असं म्हणून त्याने तोंड फिरवलं. आम्हा भावंडांचं भांडण असंच होतं. एक वाक्य तो बोलतो, एक मी, आणि दिवसभर अबोला.

अबोल्यातच मिसळ खाल्ली. नगरला आम्ही ज्याला झणझणीत म्हणतो ते इथे लहान मुलांना देत असावेत. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ कटाची वाटी तोंडाला लावून सरळ प्यायला आणि आणखी मागितला. मी दह्यावर निभावलं. दादाने मात्र डॉक्टरांना खुंटीला टांगून सगळी खाल्ली.

दुपारी आजोबांच्या कबरीवर गेलो. दादा कबरींमधून माझ्या पुढे चालत होता आणि प्रत्येकीपाशी थांबून सांगत होता. ही हिंगमिऱ्यांची हलवा करणारी ताई, हे पेटी वाजवणारे मास्तर, ह्यांचा पाय विहिरीत घसरला होता. एक नाव चुकलं नाही. आजोबांच्या दगडावरची पानं हाताने सारत तो म्हणाला, "निवृत्त पाळकाला लग्नाला कोण बोलावतं? लग्नाला मोटारसायकलवरून येणारा तरुण पाळक हवा असतो. मातीला मात्र जुनाच लागतो. गेली कित्येक वर्षं मी नुसत्या मात्याच केल्या." आमच्याकडे दफनविधीला माती म्हणतात. तेव्हा मला त्या बोलण्यात नुसती खंत दिसली. पुढचं मला कसं कळावं?

गाव, शनिवार

गडहिंग्लजच्या अलीकडे एका गुऱ्हाळापाशी गाडी थांबवली. काहिलीतला रस उकळत होता आणि तो वास अंगाला चिकटत होता. तिथल्या बाईंनी पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत गरम काकवी भरून दिली. मी शहाणी, बाटली दादाच्या पिशवीत ठेवली. गावात पोहोचेपर्यंत बाटली आकसली, झाकण सुटलं आणि दादाच्या पांढऱ्या झग्यावर काकवीचा ओघळ आला. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. सुनीलच्या बायकोने, कविताने, तो झगा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "काकवीच हाय अक्का, डांबर न्हवं. जातंय." दुपारपर्यंत झगा दोरीवर पांढराशुभ्र वाळत होता.

सुनीलच्या आजीचं नाव तानूबाई. दादापेक्षाही मोठी असेल, पण पाठीचा कणा ताठ. तिने "सलाम, पाळकसाहेब" म्हटलं आणि लगेच, "लई वाळलासा की. नगरात जेवाय घालत न्हाईत व्हय?" माझ्याकडे बघून हे म्हणाली. मी ऐकून घेतलं.

घरात आणखी एक पाहुणी होती. कविताची आई हौसाबाई, पेठ वडगावजवळच्या शेतकरी घरातली. कविता हिंदू घरातली मुलगी, सुनीलशी लग्न केलं म्हणून पहिली काही वर्षं माहेरने तोंड बघितलं नव्हतं. नातू झाला तशी हौसाबाई कुंची-झबलं घेऊन एकटीच आली होती. तिच्या नवऱ्याने "जायचं तर जा" एवढंच म्हटलं होतं. कविता सकाळपासून आईच्या तोंडाकडे बघत वावरत होती. आईला इथलं काही खटकलं तर पुन्हा ये-जा बंद होणार, ही तिची धास्ती मला न सांगता कळत होती.

हौसाबाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "अक्का, पोराला आत काय करत्यात? बुडवत्यात का पाण्यात?"

मी म्हटलं, "नाही हो. तीन वेळा कपाळावर पाणी, बस."

"मंग हरकत न्हाय. थंडी हाय म्हणून इचारलं."

जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि ताज्या लोण्याचा गोळा. आमच्या नगरच्या बाजरीला मी कमी लेखणार नाही, पण ती आमटी मी दोनदा मागून घेतली. जेवणानंतर दादाला परसात बसवून मी सगळा बाप्तिस्मा म्हणायला लावला. सुरुवातीच्या प्रार्थनेपासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत त्याने तो अडखळल्याशिवाय म्हटला. मी पुस्तक पुन्हा पर्समध्ये घातलं आणि निश्चिंत झाले.

रविवार

देवाचं घर पणजोबांच्याच जागेवर आहे, फक्त भिंती सिमेंटच्या झाल्या आहेत. आमच्या नगरच्या चर्चमध्ये बाकं, पंखे, माइक. इथे चपला बाहेर, आत चटया, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. माणसं चटईला गुडघा लागला की बोलायची थांबतात. नगरला शेवटच्या गीतापर्यंत कुजबुज चालते.

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटली. पाळकाने एकट्याने म्हणायच्या प्रार्थनासुद्धा ही माणसं ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होती. पणजोबांनी लावलेली सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. बाहेरून येणारे पाळक याला वैतागतात, असं सुनील म्हणाला. मीही थोडी वैतागलेच होते.

दादा पुढे उभा राहिला तेव्हा झग्यात तो थेट आजोबांसारखा दिसला. कविता आणि सुनील मूल घेऊन पुढे गेले. दादाने मूल डाव्या हातावर घेतलं, किती सराईतपणे घेतलं, आणि उजवा हात पितळी भांड्यातल्या पाण्यावर धरून बोलायला लागला. आवाज खणखणीत होता. मी डोळे मिटून ऐकत होते.

मग मला जाणवलं की आजूबाजूचे ओठ थांबले आहेत. त्याच्याबरोबर कोणीच म्हणत नव्हतं. मी नीट ऐकलं. दादा जीवनाच्या क्षणभंगुरतेबद्दल बोलत होता, सुकणाऱ्या गवताबद्दल बोलत होता. "हा आमचा बंधू" म्हणत होता. त्याचा उजवा हात पाण्यावरून खाली गेला, मूठ वळली, रिकामीच, आणि त्याने ती मुलावर उघडली. मातीला माती देण्याचे शब्द त्याने स्पष्ट, सावकाश, प्रेमाने म्हटले. कबरीच्या काठावर म्हणतात तसे.

कविताने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आईकडे. हौसाबाईला आमचे विधी माहीत नव्हते, पण माती हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. मी पुस्तक काढायला पर्स उघडली आणि चष्मा खाली पडला. उठावं की न उठावं, मला समजेना.

तेवढ्यात तानूबाई बसल्या जागेवरून बोलली. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारावी तेवढ्या आवाजात. "पाळकसाहेब, त्ये मातीचं झालं. पाण्याचं म्हणा."

दादा थांबला. त्याने मुलाकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. त्याला कळलं ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि असं कोणाच्याही चेहऱ्यावर पुन्हा दिसू नये. तो म्हणाला, "कुठून?"

"पयल्यापास्नं," तानूबाई म्हणाली. "म्हणा." आणि तिने पहिलं वाक्य म्हटलं. डावीकडून बायकांनी म्हटलं, उजवीकडून पुरुषांनी म्हटलं, आणि सगळ्यांच्या मागून दादाने म्हटलं. मग दुसरं. ते म्हणत आणि थांबत, तो म्हणे, मग पुढचं. प्रश्न त्यांनीच सांगितले, उत्तरंही त्यांनीच दिली. पणजोबांनी ज्यांना शिकवलं त्यांची नातवंडं-पतवंडं आता पणजोबांच्या पणतूला शिकवत होती. पर्समधलं पुस्तक पर्समध्येच राहिलं. नाव विचारायची वेळ आली तेव्हा सुनीलने "अमोल" म्हटलं, दादाने "अमोल" म्हटलं आणि तीन वेळा पाणी दिलं. पोर रडलं. मंडळीने श्वास सोडला.

जेवणावळीत दादा आला नाही. परसात म्हशींच्या गोठ्याशेजारी खाटेवर बसून राहिला. मी ताट घेऊन गेले.

"रूथ," तो म्हणाला, "मी त्या लेकराला पुरलं."

मी म्हटलं, "दादा, बाप्तिस्मा म्हणजे मरण आणि मरणातून उठणं, हे तूच आम्हाला शिकवलंस. बायबलात पौलाने..."

"मला पौल शिकवू नकोस. पौलाच्या हातावर ते मूल नव्हतं."

मी ताट खाटेवर ठेवलं. तो म्हणाला, "चार पिढ्यांत कोणी अडलं नाही. मी नुसता अडलो नाही, मी शाप दिला. त्या पोरीचं माहेर आता तुटेल ते माझ्यामुळे." आतून स्वयंपाकघरातून मायलेकींचा चढलेला आवाज येत होता. हौसाबाई काहीतरी मागत होती, कविता नको म्हणत होती. मला वाटलं, संपलं. बाई आता पाठ फिरवून वडगावला निघणार.

हौसाबाई परसदारी आली ती मुठी आवळूनच. दादा उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले. "बाई, माझं फार चुकलं. तुमच्या नातवावर नको ते शब्द बोललो. मला क्षमा करा."

"बसा," ती म्हणाली. "उभं ऱ्हाऊ नगासा."

तिच्या मुठीत मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या होत्या. मागून कविता रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, त्यांच्यात चालत न्हाय गं."

"चालत न्हाय तर डोळं मिटा की," हौसाबाई म्हणाली. आणि मग मला म्हणाली, "पोराची मघाशीच काढली, अक्का. ही ह्यांची. एवढं शिकल्यालं माणूस, भरल्या देवळात सबूद हरवतं, म्हंजे कुणाची तरी लागलीया. माझ्या बापाचं बी असंच झालतं. त्यास्नी कुणी बघितलं न्हाय."

आता आमच्या घराण्यात दृष्ट काढणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. पणजोबांनी याच गावात लोकांकडून ती सोडून द्यायच्या शपथा घेतल्या होत्या. पपांनी एकदा आईच्या हातातल्या मिरच्या हिसकून अंगणात भिरकावल्या होत्या. दादाचे तर यावर उपदेश ठरलेले. मी "अहो बाई" म्हणून पुढे झालेसुद्धा. पण दादाने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. आशीर्वाद घ्यायला माणसं त्याच्यापुढे मान घालत, अगदी तशी.

हौसाबाईने आल्यागेल्याची, पाप्याची, चांगल्याची, वाइटाची म्हणत मुठी त्याच्यावरून उतरवल्या, पायापर्यंत नेल्या आणि मिरच्या-मोहऱ्या परसातल्या चुलीत टाकल्या. आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. मीसुद्धा. मिरच्या जळल्या, धूर वर गेला, कोणाला खोकला आला नाही.

"बगा," ती म्हणाली. "जरासुदीक ठसका न्हाय. लई लागली हुती."

दादा म्हणाला, "हो. फार लागली होती." मग म्हणाला, "बाई, बाळाला आणता?"

तिने आत जाऊन अमोलला आणलं आणि स्वतःच्या हाताने दादाच्या मांडीवर ठेवलं. कविता दाराला टेकून उभी होती. आम्हाला वाटलं, दादा आता आशीर्वाद म्हणेल. त्याने हात उचलला, बाळाच्या डोक्यावर धरला आणि बराच वेळ तसाच धरून राहिला. मग हौसाबाईकडे बघून म्हणाला, "तुम्ही सांगा. मी तुमच्या मागून म्हणतो."

"म्या?" हौसाबाई म्हणाली. "मला तुमचं काय येतंय?"

"तुमचंच सांगा."

ती खाटेच्या काठावर बसली. पदर सारखा केला. जरा लाजलीसुद्धा. "लई मोठा हो," ती म्हणाली.

"लई मोठा हो," दादा म्हणाला.

"आईबापास्नी सोडून जाऊ नगो. गेलास तर परत ये."

दादाने तेही म्हटलं. पाळकाची शुद्ध भाषा त्याने बाजूला ठेवली होती, तिचे शब्द जसेच्या तसे घेत होता.

"आन म्हातारपणी सबूद हरवलं तर," हौसाबाई म्हणाली, "सांगाय कुणीतरी जवळ असू दे."

दादा थोडा थांबला. मला वाटलं, विसरला. पण त्याने माझा हात धरला आणि सगळं वाक्य म्हटलं.